बाबांच्या बसवरची छत्री

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
मार्च २००६

ती. सौ. प्रभामावशीस,

अबोलीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? धुळ्यात एव्हाना ऊन तापायला लागलं असेल, तेव्हा त्यांना जरा आराम पडला असेल असं मी धरून चालते. पद्माकरकाकांचा खोकला थांबला का? (आईचं म्हणणं, खोकला थांबला असेल तर सिगारेटही थांबली असेल आणि ते शक्य नाही. हे मी लिहिलंय असं काकांना सांगू नकोस. आईने लिहायला सांगितलंय असं सांग.) आम्ही इकडे सगळे ठीक. म्हणजे या क्षणी घरात मी एकटीच आहे आणि मी ठीक आहे. बाकीच्यांचं पुढे येईल.

मावशी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर मला येत नाही हेही लगेच सांगून टाकते. घराला चाकं लावली तर ते घर राहतं की गाडी होते? हसू नकोस. गेला महिनाभर मी हा प्रश्न एका फिटरला, एका हेल्पलाइनला, गुडगावच्या एका चौकीदाराला आणि खुद्द बाबांना विचारला. प्रत्येकाने ठाम उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. राज्यशास्त्राच्या बी.ए.ला ‘राज्य म्हणजे काय’ हे दर वर्षी विचारायचे, पण घर म्हणजे काय हे एकाही पेपरात आलं नाही, त्यामुळे माझी तयारी कच्ची राहिली.

बाबांनी रिटायर झाल्यावर बस घेतली हे तुला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर आई ‘यांनी बस घेतली’ एवढंच म्हणाली आणि रडायला लागली, त्यामुळे बाबा आता स्टॉपवर थांबून तिकिटं फाडणार असा तुझा समज झाला असेल. तसं नाही. ही बस म्हणजे फिरतं घर आहे. आधी ती एका कंपनीच्या कामगारांना ने-आण करायची. मग बाबांनी तिच्यातल्या सीटा काढून मागे दोन बर्थ, मध्ये गॅसची एक शेगडी, हात धुवायला छोटं बेसिन आणि करोल बागेतल्या गाड्यांच्या बाजारातून शिवून आणलेले मरून पडदे बसवून घेतले. ही कल्पना त्यांना कशी सुचली, तर फार वर्षांपूर्वी साहेबांना घेऊन ते आग्र्याला गेले होते, तेव्हा पार्किंगमध्ये शेजारी एका गोऱ्या म्हाताऱ्याची असली गाडी उभी होती. म्हातारा आत अंडी तळत होता. त्याने बाबांनाही एक दिलं. बाबा अजून सांगतात, ‘अबोली, तो माणूस स्वतःच ड्रायव्हर होता आणि स्वतःच साहेब.’ सरकारी अँबॅसेडर चालवण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्या माणसाच्या डोक्यातून असलं दृश्य जाईल कसं? तर अशी ही गाडी भाड्याने द्यायची, चालवायला स्वतः बाबा, असा बेत. बस माझ्या नावावर आहे. (कागदावर पदवीधर माणसाचं नाव असलं की ट्रॅफिक पोलीस नीट बोलतो, असं बाबांना वाटतं. अजून एकही नीट बोललेला नाही.)

बाबांचे धाकटे भाऊ ज्ञानोबाकाका, जे नोएडात प्लॉटची दलाली करतात, त्यांना ही बस पहिल्या दिवसापासून खुपते आहे. ‘दादा, लोकांना घराबाहेर पडायचं असतं म्हणून ते फिरायला जातात. तू त्यांना परत घरातच कोंबतोयस,’ असं ते म्हणतात आणि मला प्रामाणिकपणे सांगावंसं वाटतं की मुद्दा वाईट नाही. त्यांनी एक गिऱ्हाईकही आणलं, तंवरजी नावाचे शाळेच्या बसचे ठेकेदार. ते बसभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘पीला रंग चढेगा, चालीस बच्चे आएँगे.’ बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच अंगाला पिवळा रंग लावणार आहेत. शेवटी असं ठरलं, की तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारपर्यंत बसला पहिलं बुकिंग मिळालं तर बस आपली, नाही तर तंवरजींची. बाबांनी शब्द दिला. आणि बाबांचा शब्द तुला माहीत आहे.

बुकिंग तसं समोर होतं. गुडगावच्या कंपनीतले अंकुर भाटिया, त्यांची बायको इशिता आणि मुलगा आर्यन यांना सुट्टीत जैसलमेरला जायचं होतं. अट एकच. बसमध्ये दोन टीव्ही आहेत, एक ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि एक मागच्या बर्थपाशी, ते दोन्ही चालले पाहिजेत. ‘अंकल, मेरा मैच, बच्चे का कार्टून. अलग-अलग.’ बाबांनी आयुष्यात कुठल्या साहेबाला नाही म्हटलेलं नाही. ते म्हणाले, ‘जी साहब, हो जाएगा,’ आणि घरी येऊन मला म्हणाले, ‘अबोली, तू शिकलेली आहेस.’

मावशी, घरातली पहिली पदवीधर असण्यातली ही गोष्ट कॉलेजात कोणी सांगत नाही. आई मला कुकरची शिट्टी का होत नाही हे विचारते, काका रजिस्ट्रीच्या कागदावरचं इंग्रजी विचारतात, शेजारच्या वृंदाकाकूंनी तर एकदा त्यांच्या मांजराचं पोट बघायला बोलावलं होतं. मीही कधी ‘येत नाही’ म्हणत नाही, ‘बघते’ म्हणते. आणि एकदा बघायला लागलं की मला खरंच त्यात गोडी वाटायला लागते, हा माझा स्वभाव. तेव्हा मी म्हटलं, ‘बघते.’

सिटी बसने कॅनॉट प्लेसपर्यंत जाऊन तिथून नव्या मेट्रोने करोल बाग गाठलं (मेट्रो इतकी स्वच्छ आहे की लोक आत बोलतात तेसुद्धा हळू) आणि डिश आणली. इथे तिला छत्री म्हणतात. फिटर दुकानातर्फे येणार होता. आला. पेन काढून म्हणाला, ‘फ़्लैट नंबर?’ मी बसचा नंबर सांगितला. ‘छत किधर है?’ मी बसचा टप दाखवला. त्याने बसभोवती शांतपणे एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘मैडम, हम घर में लगाते हैं। घर हिलता नहीं है।’ मी विचारलं, घर हलत नाही हे कुठे लिहिलंय? तो म्हणाला, ‘लिखा नहीं है, पर हिलता तो नहीं है न।’ तो छत्री, टीव्हीला जोडायचा डबा, वायरचं भेंडोळं आणि स्क्रूची पुडी ठेवून गेला. (चहा मात्र बसमध्ये पडदे सारून, बर्थवर मांडी घालून प्यायला, आणि जाताना म्हणाला, ‘घर अच्छा है।’)

मग मी स्वतःच बसले. आधी ग्रंथालयातून पुस्तक आणलं. मावशी, तुला हे माहीत आहे का, की ज्या उपग्रहावरून टीव्ही दिसतो तो आपल्या डोक्यावर नसतोच? तो विषुववृत्तावर असतो, म्हणजे दिल्लीहून दक्षिणेला, जरासा पूर्वेकडे कलून. आणि तो सारखा पळत असतो, पण पृथ्वीच्याच चालीने, म्हणून आपल्याला वाटतं एका जागी उभा आहे. हे वाचून मी त्या दिवशी कितीतरी वेळ कपडे वाळत घालायच्या जागी दक्षिणेकडे बघत उभी होते. तिकडे सफदरजंगच्या झाडांशिवाय काही दिसत नव्हतं, पण तिथे काहीतरी आहे आणि ते आपल्याबरोबर चाललंय, ही कल्पना मला फार आवडली. दिशा बघायला बाजारातून डॅशबोर्डवर चिकटवायचं होकायंत्र आणलं, ज्याच्यावर छोटा गणपती बसलेला आहे. ते बसच्या जवळ नेलं की लोखंडामुळे गणपती उत्तर सोडून इंजिनाकडे तोंड करायचा. म्हणून मी ते हातात धरून मैदानाच्या मध्यावर जायची, दक्षिण कुठे ते नीट बघायची आणि बोट तसंच ताठ ठेवून पळत बसपर्यंत यायची. कॉलनीतल्या लोकांनी आईकडे माझी चौकशी केली.

एवढ्यात आईने काय केलं, छत्री अंगणात पडलेली बघून त्यात बटाट्याचा कीस वाळत घातला. मी रागावणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘बघ गं, मधला कीस आधी वाळतो.’ मावशी, मी तिथेच खाली बसले. पुस्तकात जे दोन पानं आकृत्या काढून सांगितलं होतं, की वाडग्याचा असा आकार आलेलं सगळं मध्याकडे गोळा करतो, ते आईने किसावरून सांगितलं. मी तिला आकृती काढून दाखवली. ती म्हणाली, ‘हो का? मग साबुदाण्याच्या पापड्याही यातच घालते.’

छत्री टपावर बसवली, डब्यातून दोन वायरी काढून दोन्ही टीव्हींना दिल्या आणि संध्याकाळी चित्र आलं! दोन्ही टीव्हींवर एकच बाई कणीक मळत होती, बहुतेक तमिळमध्ये. पुढच्या टीव्हीवर कार्यक्रम बदलला की मागचाही बदलायचा. डबा एक असला की चित्र एकच, टीव्ही कितीही लावा. मला हे पटेना. मागच्या बर्थवर झोपलेल्या माणसाने काय बघायचं हे पुढे बसलेल्याने का ठरवावं? हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाहीच, हा नागरिकांच्या हक्कांचा प्रश्न आहे, असं मी जेवताना म्हटलं. बाबा म्हणाले, ‘बरोबर आहे. पण अंकुरसाहेबांची मॅच?’ म्हणून दुसरा डबा आणला. छत्रीच्या दांड्याला पुढे एक बोंडूक असतं, ते आकाशातलं पकडून वायरीत सोडतं. त्याच्या एका वायरीला फाटा फोडून दोन डबे जोडले, तर पुढच्याने मॅच लावली की मागचं कार्टून अंधारात जायचं. म्हणजे हुकूमशाही जाऊन नुसती भांडणं आली. (इथे मला आमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची आठवण झाली, पण ते राहू दे.)

मग छत्रीच्या कंपनीची हेल्पलाइन. तिथल्या अनुष्का नावाच्या मुलीशी माझं इतक्यांदा बोलणं झालं की ती माझा आवाज ओळखून ‘हाँ अबोली, बोलो’ म्हणायला लागली. पहिल्यांदा मात्र तिने विचारलं, ‘मैडम, आपका घर कहाँ है?’ मी म्हटलं, ‘अभी तो पार्किंग में है।’ मी तिला सगळं समजावलं आणि वर विचारलं, की फाटा फोडल्यावर एक चित्र दुसऱ्याला का मारतं? तिने सांगितलं, हे तिच्या कागदावर नाही, पण दोन तोंडांचं बोंडूक मिळतं ते लावा. ते लावलं. पुढे मॅच, मागे कार्टून. मी टपावरून उतरून आधी पुढे, मग मागे, मग परत पुढे अशी धावत बघून आले. आईने दोन्हीकडे हळदकुंकू वाहिलं.

आणि सकाळी दोन्ही टीव्ही आंधळे.

परत टपावर चढले, छत्री इकडेतिकडे फिरवली, संध्याकाळी चित्र आलं. सकाळी गेलं. पुन्हा संध्याकाळी आलं, पुन्हा सकाळी गेलं. रविवार जवळ येत चालला आणि ज्ञानोबाकाका रोज फोन करून नुसतं ‘काय?’ एवढंच विचारायला लागले. मी वेगवेगळ्या कल्पना लढवल्या. दव. कबुतरं. पहाटे विमानं खालून जातात ती. वायरीच्या टोकांना रात्रीचा गारवा बाधतो म्हणून मी त्यांना बाबांचे जुने मोजे घातले. बाबांना तर रोज विचारायची, ‘बाबा, काल संध्याकाळनंतर गाडी हलवली होती का?’ आणि बाबा रोज तितक्याच सरळपणे सांगायचे, ‘नाही गं. मी कशाला हलवू?’ बाबा खोटं बोलत नाहीत, त्यामुळे ती शंका मी मनातून काढून टाकली.

शेवटी विज्ञानाचा मार्ग धरला. निरीक्षण! शुक्रवारी उजाडायच्या आत मी चहाचा थर्मास घेऊन टपावर जाऊन बसले, छत्रीला पाठ लावून. दूधवाला आला, पेपरवाला आला. छत्री ढिम्म. मग बाबा आले. त्यांनी मला पाहिलं नाही. बसची काच पुसली, चारही बाजूंनी फडकं मारलं, आत जाऊन बसले आणि इंजिन सुरू झालं. मावशी, मी ओरडले, पण डिझेलच्या इंजिनापुढे माझं काय चालणार? बस मागे गेली, वळली, पुढे आली, पुन्हा वळली. मी छत्रीच्या दांड्याला मिठी मारून, थर्मास दोन गुडघ्यांत धरून, सगळ्या ब्लॉकला दर्शन देत पूर्ण अर्धा वळसा फिरले. गच्चीतून वृंदाकाकू म्हणाल्या, ‘अगं बाई, छत्री बसवली की तू?’ बाबा खाली उतरले आणि मला बघून म्हणाले, ‘तू तिथे काय करतेस?’

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही गाडी हलवत नाही म्हणालात ना?’

‘हलवली कुठे?’ बाबा म्हणाले. ‘सरळ केली.’

आणि मावशी, त्यांचं त्यांच्या परीने बरोबर होतं. सरकारी ड्रायव्हर रात्री गाडी कशीही लावो, सकाळी तिचं तोंड फाटकाकडे पाहिजे. साहेब बाहेर आले की दार उघडायचं आणि निघायचं, त्यांच्यासमोर गाडी मागेपुढे करणं म्हणजे ड्रायव्हरची फजिती. बाबा दुपारी इंजिन गरम ठेवायला बसची एक चक्कर मारून यायचे, भिंतीकडे तोंड करून लावायचे, आणि उजाडताच फाटकाकडे वळवायचे. याला ते गाडी हलवणं समजतच नाहीत, जसं आपण झोपेतून उठून पांघरूण झटकण्याला घरातली आवराआवर म्हणत नाही. (तू विचारशील, इतकी मोठी बस रोज सकाळी उलट्या तोंडाने उभी असलेली तुला दिसली नाही? दिसली. पण मला वाटलं ती तशीच होती. मी वायरी बघत होते.) मी त्यांना सांगितलं, आता कुठले साहेब यायचे आहेत? त्यांनी मान डोलावली. शनिवारी सकाळी त्यांनी खरंच बस वळवली नाही. पण पेपर हातात धरून ते खिडकीतून सारखं बाहेर बघत होते, शेवटी पेपर ठेवून म्हणाले, ‘असं भिंतीकडे तोंड करून उभी केली की गाडीला शिक्षा केल्यासारखं वाटतं गं.’ आणि गेले, बस सरळ केली. मी मुकाट्याने टपावर चढले.

रविवारी बस भाटियांना दाखवायला गुडगावला गेलो. शेगडीवर चहा करून दाखवायला आई बरोबर होती. सोसायटीच्या फाटकावर चौकीदाराने अडवलं. मी त्याला बस म्हणजे घर आहे हे समजावलं. तो म्हणाला, ‘गाड़ी है तो विज़िटर पार्किंग। घर है तो एनओसी लाओ।’ विज़िटर पार्किंग घेतलं. आता मावशी, मी छत्रीचं सगळं शिकले होते, पण गुडगाव शिकले नव्हते. चारही बाजूंना इतके उंच टॉवर की दक्षिणच शिल्लक नव्हती. भाटिया कुटुंब आत बर्थवर बसलंय, दोन्ही टीव्ही कोरे आणि मी टपावर एका विसाव्या मजल्याकडे छत्री रोखून उभी. वरच्या बाल्कनीतली बाई घाबरून आत गेली.

बाबाच म्हणाले, ‘साहब, पाँच मिनट, खुले में ले चलता हूँ।’ टॉवर संपले की गुडगावही संपतं, पुढे नुसते आखलेले प्लॉट आणि पाट्या: इथे मॉल येणार, तिथे शाळा येणार. एका न आलेल्या मॉलमध्ये आम्ही बस लावली. आणि मावशी, लागलं! पुढे मॅच, मागे कार्टून, दोन्ही स्वच्छ. अंकुरजींनी बाबांचा हात हातात घेतला. आईने चहा टाकला. तेवढ्यात आर्यनला पुढच्या टीव्हीवर कार्टून बघायचं होतं, कारण पुढचा मोठा आहे. अंकुरजी म्हणाले, मागे जा. आर्यन म्हणाला, तुम्ही जा. इशिताजी म्हणाल्या, ‘मेरा सीरियल किस पर आएगा?’ मी हक्कांवर बोलणार होते, पण आईने डोळे वटारले. मग अंकुरजींनी सहज विचारलं, ‘चलती गाड़ी में तो चलेगा न?’ मी खरं सांगितलं. छत्री एकाच बिंदूकडे बघते, गाडी वळली की तो सुटतो. बस थांबली की टीव्ही, चालली की खिडकी. ते खूप सज्जन माणूस आहेत. चहा संपवून म्हणाले, ‘अंकल, गाड़ी बहुत अच्छी है। पर हम फ़्लाइट से निकल जाएँगे।’

त्यांना सोडून आम्ही परत निघालो. आई मागे डाव्या बाजूला खिडकीशी बसली होती, कारण बाबांनी जाताना तिला तिथेच बसवलं होतं (साहेब तिथे बसतात). एका वळणावर ती म्हणाली, ‘तुम्ही बरे चालवता की.’ बाबांनी आरशात पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मावशी, की बाबा चालवत असलेल्या गाडीत आई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बसली होती. सरकारी गाडीत घरच्यांनी बसायचं नाही म्हणजे नाही. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा आई हिंदूराव हॉस्पिटलला रिक्षाने गेली आणि बाबा साहेबांना विमानतळावर पोचवून मग मला बघायला आले. बाबांनी सरळ घरी न जाता बस इंडिया गेटकडून घेतली. आई विचारत होती आणि ते सांगत होते. हे विज्ञान भवन. ‘आत कसं आहे हो?’ बाबा म्हणाले, ‘काय माहीत. मी बाहेर असायचो.’ मग एक मोठं हॉटेल आलं. ‘आणि हे?’ ‘याचं पार्किंग फार चांगलं. नळाला पाणी गोड.’ अशी सगळी दिल्ली बाबांनी तिला बाहेरून दाखवली. घरापाशी आल्यावर ते उतरले, वळसा घालून आले आणि सवयीने आईचं दार उघडून उभे राहिले. आईला आधी काय करावं कळेना. मग ती पदर सावरून उतरली, अगदी सावकाश.

सोमवारी ज्ञानोबाकाका तंवरजींना घेऊन आले. बाबांनी किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. शब्द म्हणजे शब्द. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाऊजी, घ्यायची आहे तर घ्या. मी आडवी येत नाही. पण यांनी सगळ्या साहेबांना पोचवलं, आता एकदा मला धुळ्याला ताईकडे पोचवू देत. मग घेऊन जा.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. तंवरजी म्हणाले, ‘भाभीजी, आराम से जाइए, हम रुक जाएँगे।’

तेव्हा मावशी, ते दोघे गुरुवारी सकाळी निघालेत. आई बसच्या दाराशी उभी होती, बाबा ते उघडेपर्यंत तिने हात लावला नाही. हे पत्र मी स्पीड पोस्टने पाठवते आहे, ते त्यांच्या आधी पोचेल, कारण ग्वाल्हेरपासून पुढे वाटेत जे जे लागेल ते आत जाऊन बघायचं असं बाबांनी ठरवलंय. तुझ्या हातचं पुरणाच्या मांड्यांचं जेवण आईला घाल, आणि मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं असं समज.

तुझी भाची,
अबोली

ता. क. – तुमच्या दारासमोरचं आंब्याचं झाड दक्षिणेला आहे की नाही, हे मला आठवत नाही. असेल तर बस त्याच्यापासून लांब लावायला सांग. छत्री आईला जमते. ती होकायंत्र वापरत नाही. म्हणते, मला आता अंदाज आलाय, आणि खरंच आलाय.

ता. क. २ – मला नोकरी लागली. त्याच हेल्पलाइनवर. अनुष्का म्हणाली, ‘तुम इतने सवाल पूछती हो, इधर बैठकर पूछो।’ या सोमवारपासून जाते आहे. तेव्हा घर चालण्याची काळजी तू करू नकोस आणि आईलाही करू देऊ नकोस. बाबांची पेन्शन आहे, क्वार्टरही अजून काही महिने आपल्याकडे आहे.

ता. क. ३ – खरं म्हणजे हे पत्र याच्यासाठी लिहिलं. बाबांना वाटतंय की ही बसची शेवटची फेरी आहे आणि आल्यावर ती द्यायची आहे. त्यांना तू सांग. मला त्यांच्या तोंडावर सांगायचा धीर नाही, कारण शब्द त्यांनी दिला होता आणि मोडला मी. पण ते फक्त तुझंच मुकाट्याने ऐकून घेतात. आधी पोटभर जेवू घाल, मग सांग, आणि रागावले तर माझ्यावर रागवू दे. बस माझ्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय ती विकता येत नाही, आणि ती सही मी करणार नाही. शुक्रवारी मी एकटी नोएडाला जाऊन तंवरजींना हे समोर बसून सांगितलं. ते रागावले, मग चहा मागवला, मग म्हणाले, ‘बेटी, पहले बता देती।’ मी माफी मागितली. त्यांनी त्याच दुपारी दुसरी बस घेतली. काल मी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. पिवळी रंगवून झालीसुद्धा.